पोटातला गोळा आणि अर्धवट राहिलेलं वाक्य

(पत्र थोडक्यात) ताई, वय ४६, नाशिकला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. वडील जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून पोटात गोळा येतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, शनिवारी संध्याकाळी गावी निघायच्या वेळेला जास्तच. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, एंडोस्कोपी सगळं केलं, रिपोर्ट नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनीच सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. ९ सेशन झाली, एका वेळचे १,२०० रुपये. मी सगळं सांगतो, भावाने वाटणीत काय केलं, तलाठ्याकडे काय झालं, काही लपवत नाही. मॅडम ऐकतात आणि मधेच विचारतात, हे सांगताना आत्ता अंगात कुठे काय होतंय? मी म्हणतो काही नाही. मला ते लहान मुलासारखं वाटतं. कंपनीतला मित्र म्हणतो इगतपुरीला १० दिवस विपश्यना करून ये, पैसे वाचतील. थेरपी खरंच चालते का, का नुसत्या गप्पा? मॅडम बदलू का?

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र चांगलं पाच पानांचं होतं, वर फक्त गाभा दिलाय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. मॅडम बदलू नका, निदान आत्ता तरी नको. आणि थेरपी चालते का, तर हो चालते, पण सगळ्यांची सारखी चालत नाही, आणि कुणाची चालते कुणाची नाही यात एक गोष्ट अशी आहे जी तुमच्या मॅडम तुम्हाला दर वेळी विचारतायत आणि तुम्ही दर वेळी "काही नाही" म्हणून पुढे निघून जाताय. त्याबद्दलच बोलायचंय मला, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पण त्याआधी एक सांगते कारण मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. रिपोर्ट नॉर्मल आलेत हे चांगलं, पण उद्या जिना चढताना छातीत दुखलं, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दरदरून घाम फुटला, तर "हे आपलं टेन्शनचंच असेल" म्हणत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि हॉस्पिटल गाठायचं. तसंच वजन आपोआप उतरायला लागलं, शौचाला काळं होऊ लागलं, घास गिळताना अडकायला लागला तर परत डॉक्टरकडे. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, तरी सांगून ठेवते. शरीराचं ऐकायचं म्हणजे हेही ऐकायचं.

आता तुमच्या त्या घड्याळाबद्दल. मुलाने घेऊन दिलेलं स्मार्टवॉच, आणि तुम्ही लिहिलंय की दिवसातून वीस-वीस वेळा त्यावर पल्स बघता. दादा, तुम्हाला वाटतंय हे शरीराकडे लक्ष देणं आहे. हे पाळत ठेवणं झालं. पाळत ठेवणारा माणूस काय शोधतो तर गुन्हा. पल्स ९२ दिसला की छातीत धस्स होतं, धस्स झालं की तोच १०५ होतो, मग १०५ बघून हातपाय गळतात, आणि आता खरंच काहीतरी झालंय अशी खात्री पटते. पॅनिक अटॅक येणाऱ्या माणसांचं नेमकं हेच चक्र असतं, अंगातली साधी हालचाल, तिचा भयंकर अर्थ, त्या अर्थाने वाढलेली हालचाल. म्हणून कुणी तुम्हाला नुसतं "शरीराकडे लक्ष द्या" म्हटलं आणि तुम्ही घड्याळ बघणं अजून वाढवलंत तर त्रास वाढेल, कमी होणार नाही. सध्या ते घड्याळ रात्री काढून ठेवा आणि दिवसा फक्त वेळ बघायला वापरा. डॉक्टरांनी पल्स मोजायला सांगितलेलं नाहीये, तुम्हीच लिहिलंय.

मग ऐकणं म्हणजे काय? ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं आणि मी हे मनापासून म्हणतेय. तुम्ही दुसऱ्या पानावर सहज लिहिलंय की नवीन पोरं मोटर गरम झाली की लगेच पार्ट बदलायला धावतात, आणि तुम्ही आधी मोठा स्क्रूड्रायव्हर घेता, टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवता, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावता आणि गप्प उभे राहता. आजूबाजूला अख्खी लाइन खडखडतेय, पण तुम्हाला त्या एका बेअरिंगची घरघर वेगळी ऐकू येते. त्या वेळी तुम्ही काय करता ते आठवा. लगेच नाव देत नाही. "ग्रीस संपलंय" म्हणून मोकळे होत नाही. थोडं ऐकता, हा आवाज कोरडा आहे का दाणेदार आहे का ठोक्याठोक्याने येतोय, मनात एक शब्द येतो, परत ऐकता, नाही, कोरडा नाही, मग दुसरी जागा. हेच, अगदी हेच, स्वतःच्या पोटातल्या गोळ्याशी करायचंय. एक फरक मात्र आहे. मशीनचं ऐकता ते दुरुस्त करायला. इथे ऐकताना पाना हातात घ्यायचा नाही. गोळा घालवायचा म्हणून त्याच्याकडे गेलात तर तो काही बोलणार नाही, आपल्याला हाकलायला आलेल्या माणसाशी कोण बोलतं?

शरीर सांगतं ते काही भावनिक बोलणं नाहीये, तशी वायरिंगच आहे. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची जी मोठी नस आहे तिच्यातले साधारण ८० टक्के तंतू हे खालून वर बातमी नेणारे आहेत, आतड्याकडून, हृदयाकडून, फुप्फुसाकडून मेंदूकडे. म्हणजे वरून हुकूम जातात त्यापेक्षा खालून निरोप कितीतरी जास्त येतात. आणि आपल्या मराठीला हे केव्हाचं माहीत आहे. पोटात कालवाकालव होते, काळजात चर्र होतं, घशात आवंढा येतो, अंगावर काटा येतो, पोटात खड्डा पडतो. शिवाय आपल्याकडे असे काही शब्द आहेत जे ना धड मनाचे ना धड अंगाचे, हुरहूर, रुखरुख, घालमेल, तगमग, चुटपुट, कसंनुसं. चुटपुट कुठे लागते सांगता येतं का? मनाला म्हणतो आपण, पण लागते इथे कुठेतरी छातीच्या खाली. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं मला येऊन "अँक्झायटी आहे", "स्ट्रेस आहे", "डिप्रेशन आहे" सांगतात आणि मी विचारते की आजी असती तर तिला कोणत्या शब्दात सांगितलं असतंत, तेव्हा पहिल्यांदा ती थांबतात.

ते थांबणं महत्त्वाचं आहे हे मी माझ्या मनाने सांगत नाहीये. युजीन जेंडलिन नावाचे एक तत्त्वज्ञ होते, मूळचे व्हिएन्नाचे, जन्म १९२६ चा, ज्यू कुटुंब, नाझी आल्यावर १९३८ मध्ये आईवडिलांबरोबर देश सोडून पळावं लागलं. त्या पळापळीत वडिलांनी एका माणसावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं, आणि पोराने विचारलं की तुम्हाला कसं कळलं, तर त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की मी आतल्या जाणिवेचं ऐकलं. त्या पोराच्या मनात ते राहिलं, की ही कसली जाणीव जी काहीतरी सांगते, आणि मला ती का सापडत नाही. पुढे अमेरिकेत शिकागो विद्यापीठात ते कार्ल रॉजर्स यांच्याबरोबर काम करायला लागले. रॉजर्स म्हणजे थेरपिस्टने मनापासून, निवाडा न करता ऐकलं पाहिजे हे ठासून सांगणारा माणूस. तिथे त्या लोकांनी शेकडो सेशन टेप केली आणि मग ऐकत बसले, कुणाला फायदा झाला, कुणाला नाही झाला, फरक कुठे आहे.

फरक थेरपिस्टच्या पद्धतीत फारसा सापडला नाही. पेशंट कशाबद्दल बोलतो, बायकोबद्दल का लहानपणाबद्दल, यातही सापडला नाही. तो सापडला पेशंट कसं बोलतो यात. ज्यांना पुढे फायदा झाला ती माणसं बोलता बोलता अडखळायची. चांगली भरधाव चाललेली गाडी मधेच थांबायची आणि "म्हणजे राग असं नाही... काय म्हणू... राग नाही हो, ते असं..." करत चाचपडायची, एक शब्द टाकायची, आत बघायची, नाही म्हणायची, दुसरा शब्द घ्यायची, आणि कधीतरी "हां, हे" म्हणून मोठा श्वास सोडायची. आणि ज्यांना फायदा झाला नाही ती माणसं बहुतेक वेळा छान बोलायची. सलग, मुद्देसूद, काय घडलं, कुणी काय केलं, असं का झालं याच्या कारणांसकट. हा फरक पहिल्या एकदोन सेशनच्या टेपमध्येच ऐकू यायचा. जेंडलिन यांना त्याचं वाईट वाटलं, कारण याचा अर्थ असा होतो की ज्यांना हे जमत नाही ती वर्षभर थेरपीत बसली तरी तशीच राहायची. म्हणून मग त्यांनी हे चाचपडणं शिकवता येईल का ते बघितलं, १९७८ मध्ये सर्वसामान्य माणसांसाठी ते लिहून काढलं, त्याला फोकसिंग असं नाव दिलं आणि २०१७ मध्ये वारले तोवर ते शिकवत राहिले. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध दिसत राहिलाय पण तो एकटाच सगळं ठरवतो इतका मोठा नाही, हेही सांगायला हवं. औषधं लागतात, परिस्थिती बदलावी लागते, नशिबाने माणूस चांगला भेटावा लागतो. तरी तुमच्याबाबतीत मला हीच गोष्ट आधी दिसली, आणि ती तुमच्या पत्रातच दिसली.

तुम्ही छान लिहिता दादा. पाच पानं, सलग, तारखांसकट. सातबारा, वाटणीपत्र, ट्रॅक्टर, पाण्याची पाळी, भावाने वापरलेले शब्द. वाचणारा कुणीही म्हणेल की भाऊ चुकलाच, मीही म्हणेन. पण त्या पाच पानांत तुमचा आवाज सगळीकडे सारखा आहे, फक्त एका ठिकाणी तुटलाय. तिसऱ्या पानावर, ट्रॅक्टरची हकिगत सांगता सांगता तुम्ही लिहिलंय, "शनिवारी रात्री तीन फेज लाइट येते म्हणून मी जातो, विहिरीवरची मोटर चालू करतो, आधी बाबाच करायचे, आता स्टार्टरचं बटण दाबलं की... जाऊ दे, त्यात काही विशेष नाही." आणि पुढच्या ओळीत परत ट्रॅक्टर.

मी त्या टिंबांपाशी किती वेळ थांबले असेन. बटण दाबलं की काय होतं ते मला माहीत नाही आणि मी अंदाजही करणार नाही, कारण माझा अंदाज ऐकून तुम्ही मान डोलवाल आणि जे तुमचं आहे त्यावर माझा शब्द बसेल. एवढंच सांगते की ९ सेशनमध्ये तुम्ही जे सांगितलंय ते सगळं तुम्हाला आधीपासून माहीत असलेलं आहे. भावाचं सगळं तुम्हाला पाठ आहे. ही एकच जागा अशी आहे जिथे तुमच्याकडे वाक्य तयार नाही. थेरपी तिथून सुरू होते.

माझं एक सांगते. माझी आई गेली त्यानंतर वर्षभराने मी स्वतः थेरपीला गेले, आणि मीही तुमच्यासारखीच, फरक एवढाच की मला पुस्तकी शब्द जास्त येत होते. पहिल्या दिवसापासून "मला गिल्ट आहे, हॉस्पिटलमध्ये मी पुरेसा वेळ दिला नाही" हे मी सुंदर मांडत होते. चौथ्या की पाचव्या वेळी बाईंनी विचारलं, गिल्ट हा शब्द आत जे आहे त्याला बसतोय का? मला आधी राग आला. मग मी जरा बघितलं. घशाच्या खाली, इथे हाडाच्या खळग्यात, काहीतरी ताणलेलं होतं. गिल्ट? नाही. दुःख? हो पण नाही. ओझं? नाही, जड नव्हतं ते, उलट उचललेलं होतं, टाचा उचलल्यासारखं. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "दाराशी चपला घालून उभं असल्यासारखं." मलाच कळेना मी काय बोलले. आणि मग दिसलं. रोज रात्री ८ वाजून १४ मिनिटांची लोकल, मी पर्स खांद्याला लावून वॉर्डच्या दाराशी, आणि आई म्हणतेय, जा तू, गाडी चुकेल. शेवटचे दोन महिने मी तिच्याजवळ बसले होते तेव्हाही उठून उभीच होते. वेळ दिला नाही हे खरं नव्हतंच, वेळ दिला होता, बसले नव्हते. ते म्हटल्यावर खांदे असे खाली आले की खुर्ची हलली. रडले बरंच. पण बाहेर पडताना अंग हलकं होतं आणि तो ताण त्यानंतर तसा कधी आला नाही. आई काही परत आली नाही, घडलेलं काही बदललं नाही. "जीव भांड्यात पडला" म्हणतो ना आपण, ते नुसतं बोलायचं म्हणून नसतं, खरंच काहीतरी वरून खाली येऊन टेकतं. ती टेकण्याची जाणीव ही खूण आहे. शब्द बरोबर असला की अंग सैल होतं, चुकीचा असला की काही होत नाही, कितीही हुशार शब्द असू दे. त्यामुळे कुठला शब्द खरा हे मला किंवा मॅडमना विचारायचीसुद्धा गरज नसते.

तुम्ही करून बघायचं असेल तर असं करा. गाडी चालवताना नाही, निघण्याआधी, घरीच, पाच मिनिटं. डोळे मिटले नाहीत तरी चालेल. पाय जमिनीला नीट टेकवा आणि आधी खुर्चीची पाठ पाठीला लागतेय ते जाणवू द्या. मग मनात म्हणा की गावाला निघायचंय, आणि मान ते पोट या पट्ट्यात काय होतंय ते बघा. लगेच काही कळणार नाही. तुमच्यासारख्या माणसाला पहिले आठदहा वेळा "काही नाही" असंच येईल, तर त्या काही नाहीचंच बघा की ते कसं आहे, रिकामं आहे का दाबून बंद केलेलं आहे, कारण रिकामी टाकी आणि झाकण घट्ट लावलेली टाकी यातला फरक तुम्हाला हात लावून कळतो. गोळा आला तर आला. त्याच्याशी भांडू नका, त्याच्यात बुडूही नका, शेजारी बाकावर कुणी ओळखीचा माणूस गप्प बसला असेल तर आपण जसे बसतो तसे बसा. एखादा शब्द, एखादं चित्र येतं का बघा. आला तर विचारा, हे बसतंय का. नाही बसलं तर सोडा. आणि भाऊ मधे आला, तो येणारच, कारण रागाला रस्ता पाठ असतो, तर त्याला म्हणा की तुझं नंतर बघू, आणि परत अंगाकडे या. पाच मिनिटं झाली की उठा, काही सापडलं नाही तरी उठा. जर हे करताना श्वास कोंडायला लागला, एकदम काही भयंकर आठवणी अंगावर यायला लागल्या, तर लगेच थांबा, खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, पाणी प्या, आणि ते एकट्याने परत करू नका, मॅडमसमोरच करा. एखादी रात्र फारच जड गेली तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता मॅडम. थेरपी कशाने चालते यावर जो सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो थेरपिस्ट आणि पेशंट यांच्या जुळण्यावर. २०१८ मध्ये अशा २९५ अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला, त्यात ३०,००० हून जास्त पेशंट होते, आणि ज्यांचं जुळलं त्यांना फायदा जास्त असं पुन्हा दिसलं. आकड्यात सांगायचं तर परिणामातला साधारण ८ टक्के फरक यातून येतो. ऐकायला कमी वाटेल, पण थेरपीचा कुठला प्रकार वापरला यापेक्षा हा वाटा मोठा निघतो. पण जुळणं म्हणजे नुसतं बाई गोड बोलतात, चहा विचारतात असं नाही. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्येच याचे तीन भाग सांगितले होते, की दोघांत जिव्हाळा हवा, कुठे पोचायचंय यावर एकमत हवं, आणि तिथे पोचायला जे काम करतोय त्यावरही एकमत हवं. तुमचं पहिलं बरं दिसतंय, "मॅडम चांगल्या आहेत" असं तुम्ही दोनदा लिहिलंय. तिसरंच अडकलंय. त्या एक काम करायला सांगतायत आणि तुम्हाला ते कशासाठी ते कळलेलं नाही, आणि तुम्ही विचारलेलंही नाही, भिडस्तपणे. नवीन मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरला तुम्ही दहा प्रश्न विचारत असाल आणि इथे १,२०० रुपये देऊन गप्प बसताय.

तर पुढच्या वेळी जे मला लिहिलंत ते त्यांना सांगा, याच शब्दांत. "तुम्ही अंगात कुठे काय होतंय विचारता ते मला लहान मुलासारखं वाटतं, मला ते येत नाही, आणि मी थेरपी सोडायचा विचार करतोय." मला माहितीय हे तोंडातून निघणं किती अवघड आहे, आपल्याकडे डॉक्टरला, मास्तरला असं म्हणायची पद्धत नाही. पण चांगल्या थेरपिस्टला हे ऐकून बरं वाटतं, खरंच वाटतं, कारण पेशंट नाराज आहे हे बरेचदा आम्हाला कळतच नाही, माणसं नमस्कार करून जातात आणि परत येत नाहीत. कुरबूर झाली आणि ती दोघांनी बसून सोडवली तर पुढचं काम आधीपेक्षा घट्ट होतं. तुमचं बोलणं ऐकून त्या चिडल्या, तुम्हालाच दोष द्यायला लागल्या, किंवा वाटणीपत्रावर सही करा किंवा करू नका असं सांगायला लागल्या, तुमचं बोलणं बाहेर कुणाला कळलं, तर मात्र खुशाल बदला, तेव्हा मला विचारायचीही गरज नाही.

९ सेशन पुरे झाली का असं तुम्ही विचारलंय. १९८६ मधला एक गाजलेला अभ्यास आहे, त्यात ८ सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांना फरक वाटला होता आणि २६ पर्यंत पाऊणभर लोकांना. नंतरच्या अभ्यासांत निम्म्या लोकांना फरक पडायला १३ ते १८ सेशन लागतात असं आलं. म्हणजे तुम्ही काही फार मागे नाही आहात. पण नुसती सेशन मोजू नका. अजून चारपाच वेळा जा आणि त्यात एकदा तरी तुम्ही अडखळलात का, आधी माहीत नसलेलं काही तुमच्या तोंडून निघालं का, ते बघा. पैशाचं ओझं होत असेल तर तेही त्यांना सांगा, बरेच जण दर पंधरा दिवसांनी भेटतात किंवा फी कमी करतात.

आणि विपश्यना. तुमच्या मित्राचा सल्ला वाईट नाही, आणि तो मनापासून सांगतोय. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे, गोयंका गुरुजींनी ब्रह्मदेशातून आणलेली साधना, फी नसते, दानावर चालतं, आणि तिथेही अंगावरच्या संवेदनाच बघायला शिकवतात. म्हणजे मॅडम जे विचारतात ते लहान मुलासारखं नाही हे तुमच्या मित्रालाही पटेल. पण दोन्हींत फरक आहे. तिथे संवेदना आली, बघितली, तिच्यात गुंतायचं नाही, ती जाईल, समतेने बसायचं. इथे तिला विचारायचं की तू कशाबद्दल आहेस. मला दोन्ही गोष्टी मोलाच्या वाटतात, पण तुमच्यासारखा माणूस, जो दीड वर्ष सगळं गिळून वडिलांच्या दहाव्यापासून वाटणीपर्यंत सगळं एकट्याने निभावतोय, त्याने आत्ता १० दिवस मौनात जाऊन आलेलं सगळं नुसतं बघत बसावं असं मला वाटत नाही. तुम्हाला आधी कुणीतरी समोर बसलेलं हवंय. नंतर जा, मॅडमना विचारून जा, आणि तिथल्या फॉर्मवर मानसिक त्रास, औषधं याबद्दल विचारतात ते खरं भरा.

पुढचं सेशन मंगळवारी आहे असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे त्याआधी एक शनिवार येतोय. मोटर चालू करायला तुम्ही जालच, पाणी तर द्यायलाच हवं. या वेळी बटण दाबल्यावर लगेच पाठ फिरवून गाडीकडे येऊ नका. मोटर पाणी उचलेपर्यंत तिथेच उभे राहा, तुम्हाला त्या आवाजातलं सगळं कळतं. आणि छातीत, पोटात, घशात जे काही होईल ते तसंच घेऊन मंगळवारी जा, समजून घ्यायचा प्रयत्न न करता. ट्रॅक्टर त्या दिवशी राहू दे. बसल्यावर मॅडमना सांगा की माझं एक वाक्य अर्धवट राहिलंय, आणि "स्टार्टरचं बटण दाबलं की" इथपर्यंत म्हणा आणि थांबा. शांतता पडेल, जीव कासावीस होईल, पडू द्या. मॅडमना घाई नसेल. त्या ५० मिनिटांत तेवढंच झालं तरी चालेल.

तुमची,
ताई